बदली चढाईपटू ‘संपला’ हे कशावरून ठरवायचं?

प्रो कबड्डीत तिशी ओलांडलेला चढाईपटू बाकावरून उठतो, चार चढायांत दोन गुण घेतो आणि मालाडमध्ये मोबाइलवर सामना पाहणारा ‘संपला’ अशी कमेंट टाकतो. एकूण गुण हे माप इथे चुकतं. असा गडी बहुधा ‘डू ऑर डाय’साठीच उतरतो: सलग दोन चढाया रिकाम्या गेल्या की तिसरीत गुण हवाच, नाहीतर तो बाद. बाद झालेल्याच्या जागी बदलीही मिळत नाही. म्हणून पाहावं ते अशा तिसऱ्या चढायांतलं यश. यू मुम्बाच्या रिशांक देवाडिगाचं नाव त्यांवरच झालं. 2017 मध्ये यूपी योद्धाकडून त्याने एका सामन्यात चढाईचे 28 गुण घेतले. मात्र चार-पाच सामन्यांचे आकडे फसवे असतात.