कारखान्याआधीचे कामगार

कोल्हापूरच्या उद्योगाचा इतिहास आपण शिवाजी उद्यमनगरापासून सुरू करतो; शिरोली, गोकुळ शिरगाव करत कागल-हातकणंगले पंचतारांकित वसाहतीशी येऊन थांबतो. त्यात ओतकाम असते, कापड असते, उद्योजक असतात. शेडचा पाया खणणारे, सेंट्रिंग लावणारे, पत्रे चढवणारे मात्र यंत्राचे बटण दाबले जाण्याआधीच पुढच्या साइटवर गेलेले असतात. कायद्याच्या लेखी ते कोणाचे कामगार?

१९४८ चा कारखाने अधिनियम उत्पादनप्रक्रियेभोवती रचलेला आहे. उत्पादनच नाही, तर त्याचे संरक्षण कोणाला? किमान वेतनाचा कायदाही १९४८ चाच. पण तो मजुरापर्यंत पोहोचताना वाटेत झिजे. दिल्लीच्या एशियाडच्या बांधकामांवर सव्वानऊ रुपये रोजातला एक रुपया जमादार कापून घेत. त्या खटल्यात १९८२ साली न्या. भगवती यांनी किमान वेतनाहून कमी मजुरीवर राबवून घेणे ही घटनेच्या २३ व्या कलमाने निषिद्ध केलेली वेठ ठरवली. बांधकाम मजुरांच्या संघटनांच्या दीर्घ मोहिमेनंतर १९९६ साली स्वतंत्र कायदे आले: एक सेवाशर्तींचा, दुसरा उपकराचा. महाराष्ट्राचे नियम २००७ चे.

दहा किंवा अधिक मजूर असलेल्या कामाला हा कायदा लागू झाला. बांधकाम खर्चाच्या एक टक्का उपकर मालकाने भरायचा; जमिनीची किंमत त्यात धरायची नाही. ठेकेदाराने मजुरी थकवली, तर ती देण्याची जबाबदारी मालकावर. पण व्याख्येत एक फट होती: कारखाने अधिनियम लागू असलेले बांधकाम वगळलेले होते. औद्योगिक वसाहतीत तर बांधकाम कारखान्याचेच! अनपारा वीजप्रकल्पाच्या खटल्यात कंपनीने हाच मुद्दा मांडला. ऑक्टोबर २०१६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो फेटाळला: उत्पादन सुरू होण्याआधी इमारत उभारणाऱ्या मजुरांना कारखाने अधिनियमाचे लाभ मिळतच नाहीत, म्हणून त्यांना बांधकाम कायदाच लागू.

तरीही पैसा आणि माणूस यांची गाठ पडली नाही. उपकर नकाशाच्या मंजुरीबरोबरच वसूल करता येतो. तो इमारतीला चिकटलेला असतो. मजुराला मात्र कल्याणकारी मंडळात नाव नोंदवण्यासाठी वर्षातले नव्वद दिवस सिद्ध करावे लागतात. तीन ठेकेदारांकडे तीस-तीस दिवस राबलेल्या बिगाऱ्याने कागद कोणाकडे मागायचा? देशभरात सदतीस हजार कोटींहून अधिक उपकर जमा झाला आणि खर्च झाले सुमारे साडेनऊ हजार कोटी, याची नोंद २०१८ च्या निकालात आहे.

२१ नोव्हेंबर २०२५ पासून हे कायदे नव्या संहितांत सामावले गेले. बांधकामाच्या नव्या व्याख्येतही कारखान्याचे काम वगळलेलेच आहे. २०१६ चा निकाल जुन्या शब्दांवरचा होता. त्यामुळे जुना प्रश्न पुन्हा उघडा पडतो.

त्याचे उत्तर न्यायालयात लागेल तेव्हा लागो. हजेरीपुस्तक नीट ठेवणे, त्यात मुकादमाचे नव्हे तर प्रत्येक मजुराचे नाव लिहिणे आणि काम संपताना दिवसांचा दाखला देणे, एवढे शेड बांधणाऱ्या मालकाला आजही करता येते. मजुराच्या नोंदणीचा तोच आधार आहे. उद्या या वसाहतीचा इतिहास लिहिणाऱ्यालाही तीच वही शोधावी लागेल.