न्यू ऑर्लिन्सला परतणे हा हट्ट नव्हता

कत्रिना चक्रीवादळाने उद्ध्वस्त केलेल्या न्यू ऑर्लिन्सविषयी एक मत रूढ आहे. समुद्रसपाटीखालच्या गावात पुन्हा घर बांधणे हा भावनेच्या भरातला हट्ट. शहाणे होते ते ह्यूस्टनला, अटलांटाला राहिले. अमेरिकेच्या प्रतिनिधिगृहाचे तेव्हाचे सभापती डेनिस हॅस्टर्ट यांनीही वादळ ओसरते न ओसरते तोच शहर पुन्हा उभारण्याबद्दल शंका काढली होती.

या मतात तथ्यांश आहे. दलदल उपसून वसवलेली जमीन खचत गेली, हे खरेच. पण शहराचा जवळपास निम्मा भाग समुद्रसपाटीवर किंवा तिच्याहून उंच आहे. २९ ऑगस्ट २००५च्या वादळात सुमारे ८० टक्के शहर बुडाले, ते मुख्यतः बांध फुटल्यामुळे. १७व्या रस्त्याच्या आणि लंडन अव्हेन्यूच्या कालव्यांच्या भिंती पाणी माथ्यापर्यंत चढण्याआधीच कोसळल्या. त्या लष्कराच्या अभियंता दलाच्या अखत्यारीतल्या होत्या, आणि रचनेतले दोष दलाने २००६मध्ये मान्य केले. माणसाच्या चुकीचा दोष जमिनीच्या माथी का मारायचा?

आता खरी कसोटी. तळ्याकाठचा लेकव्ह्यू हा भाग लोअर नाइन्थ वॉर्डच्या बहुतेक जमिनीहून सखल. उंचीच निर्णायक असती, तर ओस पडायला हवा होता लेकव्ह्यू. सधन, बहुतांशी गोऱ्यांचा लेकव्ह्यू पुन्हा भरला. कृष्णवर्णीयांच्या लोअर नाइन्थमध्ये मात्र रिकाम्या जागांवर गवत माजले. तेथे निम्म्याहून अधिक कुटुंबे स्वतःच्या घरात राहत होती, तरीही. घरे पुन्हा उभारण्यासाठीच्या सरकारी 'रोड होम' योजनेत घराची वादळापूर्वीची किंमत आणि दुरुस्तीचा खर्च यांतली जी रक्कम कमी, तिच्यावर अनुदान ठरे. लाकूड, सिमेंट, मजुरी सर्वत्र सारखी. पण कृष्णवर्णीय वस्तीतल्या घराचा बाजारभावच कमी, म्हणून मदतही कमी. त्यातच आजोबांचे घर वारसनोंदीविना नातवाकडे आलेले, म्हणजे अर्ज अडलाच. या सूत्राविरुद्धचा भेदभावाचा दावा २०११मध्ये तडजोडीने मिटला. तोवर सहा वर्षे गेली होती!

भाडेकरूंचे तर विचारूच नये. सरकारी वसाहतींतली सुमारे साडेचार हजार घरे पाडायला नगरपरिषदेने डिसेंबर २००७मध्ये मंजुरी दिली.

परतणाऱ्यांनी हिशेब केला नाही, हेही खोटे. शहराच्या पुनर्बांधणीच्या जानेवारी २००६मधील नकाशात ब्रॉडमूर या वस्तीवर हिरवे वर्तुळ पडले, म्हणजे वस्तीऐवजी उद्यान. रहिवाशांनी आपलाच आराखडा तयार केला आणि वस्ती राखली. शेजारी येणार असतील तरच आपले येणे शहाणपणाचे, हे त्यांना पुरते कळत होते.

२०००मध्ये ४,८४,६७४ असलेली शहराची लोकसंख्या २०१०मध्ये ३,४३,८२९ भरली. ही घट विवेकाच्या खात्यावर मांडणाऱ्यांनी आधी लेकव्ह्यू का भरला, ते सांगावे.