किंग हेन्री रोडवरील दहा नंबरचे घर

वाचकहो, चांदूर रेल्वे या गावाने आगगाडी आपल्या नावातच जोडून घेतली आहे. नाही तर चांदूर बाजार कोणते नि हे चांदूर कोणते, असा घोटाळाच व्हायचा! भुसावळकडून येणारा हा लोहमार्ग १८६७ साली नागपूरला पोहोचला. तेव्हा इंग्लंडच्या गादीवर राणी व्हिक्टोरिया होती. तिच्या अमदानीत, म्हणजे १८३७ ते १९०१ या काळात, इकडे रूळ पडले आणि तिकडे लंडनमध्ये एकाच साच्यातून काढल्यासारखी घरे रांगारांगांनी उभी राहिली. त्यांतल्याच एका घराची ही हकीकत. त्याची मालकी आज कोणा लॉर्डाकडे नाही, आपल्या महाराष्ट्र सरकारकडे आहे.

प्रिमरोझ हिल भागातील किंग हेन्री रोडवर हे दहा नंबरचे घर आहे. रस्त्याकडून अरुंद, पण मजल्यावर मजला चढवलेले. शेजारघराशी भिंत सामाईक. १९२१-२२ साली तेथे भीमराव रामजी आंबेडकर विद्यार्थी म्हणून राहिले. शिष्यवृत्तीची मुदत सरल्याने १९१७ साली त्यांना शिक्षण अर्धवट टाकून परतावे लागले होते. मग मुंबईच्या सिडनहॅम कॉलेजात शिकवून पैसा जमवला, शाहू महाराजांचे साह्य घेतले आणि १९२० साली पुन्हा लंडन गाठले. १९२१ साली एम. एस्सी., १९२३ साली रुपयाच्या प्रश्नावरील प्रबंधाला डी. एस्सी., शिवाय बॅरिस्टरी! हेच बाबासाहेब नोव्हेंबर १९२७ मध्ये अमरावतीला वऱ्हाडच्या अस्पृश्य परिषदेचे अध्यक्ष झाले. अंबादेवीच्या मंदिरात प्रवेश मिळावा, हा तेव्हाचा प्रश्न होता.

२०१५ साली महाराष्ट्र सरकारने हे घर सुमारे तीस लाख पौंडांना विकत घेतले, दुरुस्त केले, आणि १४ नोव्हेंबरला पंतप्रधान नरेंद्र मोदी यांच्या हस्ते स्मारकाचे उद्घाटन झाले. पण गोष्ट येथे संपली नाही बरं का! नोंद राहत्या घराची, वापर संग्रहालयाचा. शेजाऱ्यांनी हरकत घेतली. २०१८ साली कॅम्डेनच्या नगरपालिकेने परवानगी नाकारली. सरकारने अपील केले, २०१९ साली चौकशी झाली, आणि मार्च २०२० मध्ये ब्रिटिश मंत्र्यांनी मंजुरी दिली. मालकी पैशाने मिळाली. वापराचा हक्क मात्र कायद्याच्या वाटेने मिळवावा लागला.

जुने घर राखणे म्हणजे नुसता रंग फासणे नव्हे. आपल्या वाड्यांचेच पाहा ना. चुन्यात बांधलेल्या भिंतीवर सिमेंटचा गिलावा ओढला की ओल आत कोंडते. चुना तिला बाहेर पडू देतो. आठवणीचेही तसेच. ती कुलपात कोंडून टिकत नाही, माणसांची ये-जा लागते.

शिक्षकबंधूंनो, कोणी दिव्याखाली अभ्यास करून मोठे झाले, असे घर तुमच्या गावातही असेल. मुलांना जाणत्यांकडे पाठवा, विचारून लिहून आणायला सांगा. लंडनच्या त्या घरावरील पाटीत तीनच गोष्टी आहेत: नाव, साल आणि काम. तेवढे लिहायला काही तीस लाख पौंड लागत नाहीत.