आरसिंक : फाईल बदलली हे कसे ओळखावे, ते आपण ठरवा

वक्फनामा, मालमत्ता पत्रक, भाडेकरार, कब्रस्तानचे रजिस्टर असे कागद अनेक ट्रस्ट आता स्कॅन करून ठेवतात. ६ जून २०२५ ला सुरू झालेल्या ‘उमीद’ पोर्टलवर वक्फ मालमत्तेची नोंद करतानाही अशा फाईली लागतात. त्यांची दुसरी प्रत ठेवायला आरसिंक हे मोफत साधन चांगले आहे. अँड्र्यू ट्रिजेल आणि पॉल मॅकेरास यांनी ते १९९६ मध्ये आणले.

मात्र एक गोष्ट लक्षात ठेवा. आरसिंक एरवी फाईल उघडून बघत नाही. आकार आणि शेवटच्या बदलाची वेळ जुळली की फाईल तीच, असे ते धरून चालते. ही सवय खालील पर्यायांनी बदलता येते. कमांडमध्ये ही नावे दोन आडव्या रेघांनंतर इंग्रजी अक्षरांत लिहायची.

चेकसम : दोन्हीकडच्या फाईली पूर्ण वाचून मजकूर ताडतो. वेळ लागतो, पण डिस्कच्या बिघाडाने गुपचूप बदललेली फाईलही सापडते.

साइझ-ओन्ली : फक्त आकार बघतो. हिशोबाच्या साध्या मजकूर फाईलीत ५००० चे ८००० केले तर आकार तोच राहतो आणि दुरुस्ती दुसऱ्या प्रतीत जातच नाही. म्हणून हिशोबाला हा नको.

मॉडिफाय-विंडो : फॅट पद्धतीचे पेनड्राइव्ह वेळ दोन-दोन सेकंदांनी नोंदवतात. त्यामुळे न बदललेल्या फाईलीही पुन्हा कॉपी होतात. इथे १ लिहिले की एका सेकंदाचा फरक माफ.

कॉपी करताना ‘आर्काइव्ह’ पर्याय द्यायला विसरू नका. तो नसला तर मूळ वेळ टिकत नाही आणि पुढच्या खेपेस सगळे पुन्हा तपासले जाते.

आता मुद्द्याचे. चेकसम फरक दाखवतो, पण खरी प्रत कोणती हे त्याला कळत नाही. मूळ फाईलच खराब असेल तर ती चांगल्या प्रतीवर जाऊन बसेल. म्हणून आम्ही सुचवतो : रोज साधी तपासणी पुरे. महिन्यातून एकदा चेकसमसोबत ‘ड्राय-रन’ आणि ‘आयटमाइझ-चेंजेस’ लावा. यात काहीही कॉपी होत नाही, फक्त यादी येते. जी फाईल कोणी हातात घेतलीच नाही ती यादीत दिसली, तर आधी दोन्ही प्रती उघडून बघा. कॉपी करताना ‘बॅकअप’ पर्याय दिला तर जुनी प्रतही शिल्लक राहते.

वक्फचे कागद म्हणजे अमानत. ती नुसती कॉपी करून भागत नाही, पडताळावीही लागते.