माथ्यावरचे रान

सहलीचा विषय निघाला की आपल्यापैकी पुष्कळजणींच्या तोंडी काश्मीर, नैनिताल, नाही तर उटी ही नावे येतात. ती स्थळे रम्य आहेत यात शंका नाही. परंतु आपल्या घरापासून सकाळी निघून दुपारच्या जेवणाला पोहोचता येईल असे माथेरान आपण पाहिलेले असते, तेथील चिक्की घरी आणलेली असते, आणि तरीही त्याची हकिकत आपल्याला फारशी ठाऊक नसते. ती सांगावी एवढ्यासाठीच हा लेखनप्रपंच.

नेरळ स्टेशनाच्या डोक्यावर, सुमारे अडीच हजार फूट उंचीवर हे ठिकाण आहे. डोंगराच्या माथ्यावरचे रान म्हणून माथेरान, अशी नावाची सरळ फोड सांगतात. 1850 सालच्या मे महिन्यात ठाण्याचे कलेक्टर ह्यू मॅलेट यांनी माथेरानचा ‘शोध लावला’, असे पुस्तकांतून लिहिलेले आढळते. मॅलेटसाहेब चौक गावाच्या बाजूने डोंगर चढले, गर्द सावली व गार वारा पाहून हरखले आणि पुढे तेथे त्यांनी घरही बांधले, हे खरे आहे. पण शोध कोणी कोणाचा लावला? धनगर, ठाकूर व कातकरी या लोकांची वस्ती आणि वावर त्या डोंगरावर आधीपासूनच होता. पाऊलवाटा त्यांच्याच पायांनी पडलेल्या होत्या. साहेब चढले ते मळलेल्या वाटेने, एवढे ध्यानात ठेवले म्हणजे पुरे.

पुढे मुंबईचे गव्हर्नर लॉर्ड एल्फिन्स्टन यांना ही जागा आवडली आणि माथेरानला थंड हवेच्या ठिकाणाचा मान मिळाला. बंगले उठले, रस्ते आखले गेले. कड्यांना लुईझा, अलेक्झांडर, पॅनोरमा अशी नावे पडली व तलावाला शार्लोटचे नाव मिळाले. मात्र त्याच तलावाकाठी पिसारनाथ महादेव आपले जुने नाव राखून बसला आहे, आणि रामबागही रामबागच राहिली आहे.

वर जायचे कसे, हा प्रश्न मात्र बरीच वर्षे होता. नेरळला आगगाडी झाली, तरी तेथून पुढे तट्टू, पालखी किंवा स्वतःचे पाय. ज्यांना चालवत नसे त्यांना माणसांच्या खांद्यांवरून नेत. सर आदमजी पीरभॉय यांच्या घराण्याने पैसा घातला व त्यांचे चिरंजीव अब्दुल हुसेन यांनी खटपट करून दोन फूट रुंदीच्या रुळांची रेल्वे बांधली. 1907 साली ती सुरू झाली. सुमारे वीस किलोमीटरांचा हा मार्ग इतकी वळणे घेतो की, पुढच्या डब्यातील मुलांना मागचा डबा शेजारून पळताना दिसतो. 2005 सालच्या जुलैतील अतिवृष्टीने हा मार्ग उखडला, तो 2007 मध्ये पुन्हा उभा राहिला. 2019 च्या पावसाने तो परत बंद पडला आणि 2022 मध्ये नेरळहून गाडी पुन्हा वर गेली.

माथेरानचे खरे वैभव म्हणजे तेथे मोटार नाही. गाड्या दस्तुरी नाक्यावर थांबतात, पुढे जांभ्याची तांबडी वाट व दुतर्फा झाडी. 2003 साली केंद्र सरकारने हा परिसर पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील म्हणून जाहीर केला. या निर्बंधांमुळे रान वाचले, हे कबूल केलेच पाहिजे.

परंतु या शांततेचे मोल कोणी दिले? मोटार नाही म्हणून ओझे नाहीसे होत नाही, ते माणसाच्या अंगावर येते. हातरिक्षात आपण पदर सावरून बसावे, एकाने पुढून ओढावे, चढावर इतरांनी मागून रेटावे, आणि आपण मात्र झाडीतील पाखरे ऐकावी, असे वर्षानुवर्षे चालले. 2025 सालच्या ऑगस्टमध्ये सर्वोच्च न्यायालयाने ही प्रथा मानवी प्रतिष्ठेला न शोभणारी ठरवून सहा महिन्यांत बंद करण्याचा व हात ओढणाऱ्यांच्या पोटापाण्यासाठी विजेवरच्या रिक्षांची योजना आखण्याचा आदेश दिला. स्वातंत्र्यानंतर 78 वर्षांनी!

हे मनाला अधिक लागते, कारण याच माथेरानने आपल्याला भाई कोतवाल दिले. विठ्ठल लक्ष्मण कोतवाल यांचा जन्म 1912 साली तेथे एका नाभिक कुटुंबात झाला. ते वकील झाले, माथेरान नगरपालिकेचे उपाध्यक्ष झाले. गरीब शेतकऱ्यांना सावकाराच्या दारी जावे लागू नये म्हणून त्यांनी धान्यकोठ्या काढल्या, त्यांच्या मुलांसाठी शाळा चालविल्या. 1942 च्या आंदोलनात त्यांच्या आझाद दस्त्याने विजेचे मनोरे पाडून सरकारला हैराण केले. 2 जानेवारी 1943 रोजी सिद्धगडच्या रानात पोलिसांच्या गोळीबारात ते व त्यांचे साथी हिराजी पाटील यांना वीरमरण आले. ज्या पायवाटांनी सुखवस्तू मंडळी हवा खायला येत, त्याच डोंगररांगांनी या वीराला आसरा दिला होता.

भगिनींनो, माथेरानला जरूर जावे. पॅनोरमाचा सूर्योदय पाहावा, मुलांना इकोवर मनसोक्त ओरडू द्यावे. पण जमेल तितके पायी चालावे, आपला कचरा आपल्याच पिशवीतून खाली आणावा, आणि वाटेत करवंदे-जांभळे विकणारी बाई भेटली तर तिच्याशी दोन पैशांसाठी घासाघीस करू नये. ज्या वाटेला आपण सहलीची वाट म्हणतो, ती तिच्या पूर्वजांच्या पायांनी पडलेली आहे.