स्वमग्नता
मेंदूच्या वाढीतील वेगळेपणामुळे संवाद, लोकांत मिसळणे आणि संवेदना यांवर परिणाम करणारी आयुष्यभराची अवस्था, ऑटिझम. आजच्या अर्थाने तिचे वर्णन लिओ कॅनर यांनी १९४३ मध्ये अकरा मुलांवरून केले. मराठी शब्द थोडा फसवा आहे. मूल स्वतःत रमलेले असतेच असे नाही; कुकरची शिट्टी, लग्नातला डीजे त्याला असह्य होतो, म्हणून ते कान झाकून कोपरा धरते.

जालना जिल्ह्यात काय, इतरत्र काय, पहिली शंका बहुधा कानांची येते. लेकरू हाकेला वळून पाहत नाही, पण बिस्किटाचा पुडा फाटला की शेजारच्या खोलीतून धावत येते. उलट्या ठेवलेल्या सायकलचे चाक तासभर फिरवते. ‘बापही उशिराच बोलला होता’ या दिलाशात दोन-तीन वर्षे सहज जातात. मग ठपका आईवर येतो. तो जुनाच आहे : ब्रुनो बेटेलहाइम यांनी १९६७ मध्ये आईच्या थंडपणाला दोष दिला होता, आज मोबाइलचे निमित्त असते. आईच्या वागण्याने स्वमग्नता होत नाही, लसीनेही नाही. लसीचा संशय पसरवणारा १९९८ चा लेख ‘लॅन्सेट’ने २०१० मध्ये मागे घेतला.

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात (२०१३) अंगणवाडीतील मुलांची वर्षातून दोनदा तपासणी अपेक्षित असते. ऊसतोडीला गेलेल्या कुटुंबाचे मूल त्या दिवशी गावात नसले, की ती हुकते. अपंगत्वाच्या प्रमाणपत्रासाठी ४० प्रश्नांची भारतीय मापनश्रेणी वापरतात. ७० गुणांपासून स्वमग्नता धरली जाते. १९९५ च्या अपंग कायद्यात तिचे नाव नव्हते. २०१६ च्या कायद्यातील २१ प्रकारांत ते आले. ‘निरामय’ योजनेत वर्षाला एक लाखापर्यंतच्या आरोग्यविम्यात थेरपीचा खर्चही धरला आहे. मात्र थेरपी आठवड्यातून अनेकदा लागते आणि खेड्यातून थेरपी केंद्रापर्यंत जायचे, तर एकाची मजुरी बुडते. ती बहुधा आईची.

आईवडिलांचा खरा प्रश्न ‘आमच्या माघारी कोण?’ हा. मूल १८ वर्षांचे झाल्यावर कायदेशीर पालक नेमण्याचे काम १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्यानुसार जिल्हाधिकाऱ्यांचा समावेश असलेली स्थानिक समिती करते. नेमलेल्या पालकाला सहा महिन्यांत त्या व्यक्तीच्या स्थावर मालमत्तेची यादी द्यावी लागते. सातबाऱ्यावर नाव असलेल्या मुलाच्या घरी भावकीसमोर हे कलम आधीच वाचून दाखवावे.