चंद्रावरचे ठिगळ

आडरानात गाडी मोडली, तर मिस्त्री कुठून मिळणार? हाताशी असेल त्यावरच भागवावे लागते. डिसेंबर १९७२ मध्ये हा प्रसंग थेट चंद्रावर ओढवला. ‘अपोलो १७’चे यूजीन सर्नन आणि हॅरिसन श्मिट तेथे तीन दिवस मुक्कामाला होते. सर्नन यांच्या खिशातला हातोडा अडकला आणि चांद्रगाडीच्या मागच्या उजव्या चाकाचे मडगार्ड तुटले.

तुम्ही म्हणाल, एवढ्याशा तुकड्याचे काय ते! पण चंद्रावरची धूळ काचेच्या चुऱ्यासारखी बोचरी. तिने पोशाखाचे सांधे झिजतात. तिचा काळपट थर बसला की उपकरणे तापतात. आधी चिकटपट्टी लावली. धुळीमुळे ती वाटेतच सुटली. दोघे झोपले असताना ह्यूस्टनमध्ये जॉन यंग यांनी नवा तोडगा करून पाहिला. दुसऱ्या दिवशी चार जाड नकाशे पट्टीने जोडून यानातल्या दिव्याच्या चिमट्यांनी चाकावर आवळले. ते टिकले, आणि पुढची भटकंती पार पडली.

सर्नन यांनी ते नकाशे परत आणले. अमेरिकेच्या राष्ट्रीय हवाई व अंतराळ संग्रहालयाने ते जपले आहेत. ताम्रपट, शिलालेख ही जशी इतिहासाची साधने, तसेच हे ठिगळही, नाही का?